बेंबीच्या वर

तपासायच्या खाटेवर त्यांनी एक चिकटपट्टी आडवी लावली होती. जखमेवर लावतात तीच, पांढरी आणि रुंद. पेशंट आडवा झाला की डॉक्टर म्हणायचे, "वर सरका. अजून वर. बेंबी रेघेवर येऊ द्या." माणूस सरकत सरकत वर जायचा, डोकं भिंतीला टेकायचं, बेंबी पट्टीवर यायची, मग डॉक्टर मशीन सुरू करायचे. पट्टीच्या खाली त्यांचा हात कधी गेला नाही.

"ह्या रेघेच्या खाली माझं राज्य न्हाई," असं ते म्हणायचे.

आजच्या पोरींना यातली गंमत कळायची नाही, म्हणून सांगते. ती वर्षं अशी होती की बीडमध्ये रोज काहीतरी नवं येत होतं. पिवळ्या पाट्यांचे फोनचे बूथ आले, घराघरात केबल आली, आणि त्याच वाऱ्यावर सोनोग्राफीची मशीनं आली. गल्लीगल्लीत बोर्ड लागले. मशीन कशाला घेतात आणि पोटुशी सून घेऊन गेवराईपासून आष्टीपर्यंतची माणसं तिथं कशाला येतात, हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं. पुढं बंदीचा कायदा आला. पाट्या उतरल्या, काम चालूच राहिलं. अशा बाजारात आमच्या डॉक्टरांनी परदेशातून आलेलं जुनं मशीन घेतलं आणि फक्त बेंबीच्या वरचं बघायला लागले. यकृत, पित्ताशय, फार तर मूत्रपिंड. लोक म्हणायचे, आमराई घेऊन हा माणूस पानं विकतोय.

मी त्यांच्याकडं सिस्टर होते. आता दात गेले, कानही निम्मे गेले, पण तेव्हाची मी आठवली की मलाच हसू येतं. पांढऱ्या साडीला एवढी खळ घालायची की बसले की पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा. पेशंटला "श्वास धरा" म्हणायच्या ऐवजी "ब्रीद होल्ड" म्हणायची. चौसाळ्याकडची एक म्हातारी मला म्हणाली होती, "बाई, मला मराठीत मरू दे." तेव्हा राग आला होता. आता वाटतं, शहाणी होती.

डॉक्टर वाळक्या शेंगेसारखे. चष्म्याची दांडी मोडलेली, ती टाक्याच्या दोऱ्यानं बांधलेली, आणि गाठ मात्र अशी सुबक की बघत राहावं. पायात रबरी चप्पल. दुपारी भाकरी आणि ठेचा उभ्यानंच खायचे. रोज सकाळी दवाखाना उघडला की पहिला पेशंट ते स्वतःच असायचे. शर्ट वर करून पोटावर जेली लावायची आणि आपलंच यकृत बघायचं. दुसरे लोक आरशात भांग बघतात तसं. "हाय जागेवर," म्हणायचे आणि पुसून टाकायचे.

यकृताला ते काळीजच म्हणायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "काळीज म्हंजी घरातली सून. समद्यांचं इख गिळती, आवाज करत न्हाई. आडवी पडली की मग घर म्हनतं, अरं, ही आजारी हुती व्हय?"

पोट न फाडता, नुसत्या लांब सुईनं काळजातली गाठ मारायची, ही विद्या ते मुंबईहून शिकून आले होते. मशीनच्या पडद्यावर बघत बघत सुई गाठीच्या पोटात न्यायची आणि शुद्ध अल्कोहोल सोडायचं. गाठ आतल्या आत करपून मरते. गाठ लहान असेल तरच हे जमायचं. पण आमच्याकडं लहान गाठ घेऊन येतो कोण? पोट माठाएवढं झालं की लोक यायचे. त्यामुळं हात साफ ठेवायला डॉक्टर बकऱ्याच्या काळजावर सराव करायचे. काळजाला चीर देऊन आत भिजवलेला हरभरा लपवायचा आणि पडद्यावर बघत तो सुईनं गाठायचा.

ते काळीज आणायचं काम माझ्याकडं. मी वाण्याची लेक, आमच्या घरात कांदासुद्धा श्रावणात बाहेर बसायचा. मी पिशवीत खाली काळीज, वर मेथीची जुडी घेऊन छाती काढून बाजारातून चालायची, जणू काही झालंच नाही. एकदा पिशवी गळली. शेजारच्या काकूंनी मागून हाक मारली, "आगं, तुझ्या मेथीला रगत कावून आलंय?" आठ दिवस गल्लीत माझ्या हातचं पाणी कुणी प्यायलं नाही. मी डॉक्टरांसमोर रडले. ते म्हणाले, "हरभरा सापडला का विचारा की आधी." सापडला होता म्हणे, पहिल्याच टोचणीत.

बेंबीखाली का बघत नाही, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. मी विचारलंही नव्हतं. पट्टीचं एक टोक सुटलं होतं, ते अंगठ्यानं दाबत म्हणाले, "मशीन आली तवा मी समदंच बघायचो. बघितलेलं सांगायचो बी. एक बाई परत आली, दुसरीकडनं पाडून. ह्याच खाटेवर गेली." मग पंखा वाढवला आणि म्हणाले, "पुढचा पेशंट बोलवा."

त्यानंतर त्यांनी दुसरा नियम केला. कुणी सुनेला घेऊन आलं की सुनेला बाकावर बसवायचं आणि आणणाऱ्यालाच आडवं करायचं. "हितं आणनाऱ्याचं आधी बघतेत," एवढंच सांगायचे. सासवा गोंधळून झोपायच्या. गेवराईकडच्या एका सासूच्या पित्तात खडे निघाले, तर ती एवढी खूश झाली की खड्यांच्या नादात सुनेचं विसरूनच गेली. पण अशा थोड्या. बाकीच्या शिव्या देत उठायच्या आणि सुनेचा दंड धरून रस्ता ओलांडून समोरच्या दवाखान्यात शिरायच्या. डॉक्टर खिडकीतून बघत राहायचे. मी म्हटलं, पडदा लावते. तर म्हणाले, "नको. दिसू दे."

आणि एक दिवस त्या बाकावर माझी भावजय येऊन बसली. शेजारी माझे वडील.

आमचे आप्पा म्हणजे चौसाळ्यात हमरस्त्यावर किराणा दुकान, कपाळाला विभूती, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. दारूचा त्यांना एवढा तिटकारा की गावात देशी दारूचं दुकान निघालं तेव्हा हे रोज संध्याकाळी त्याच्यासमोर स्टूल टाकून बसले. येणाऱ्याला काही बोलायचे नाहीत, फक्त त्याच्या बापाचं नाव घेऊन रामराम घालायचे. दुकान बंद पडलं. आमच्या घरचा एक कायदा होता, तोंडाला वास असलेल्या माणसानं लेकराला हात लावायचा नाही. माझ्या सख्ख्या मामाला त्यांनी माझ्या भावाच्या बारशातून उठवलं होतं.

असा हा माणूस माझ्याकडं न बघता डॉक्टरांना म्हणाला, "दोन पोरी हायत. औंदा जरा बघून सांगा."

भावजयीची नजर फरशीवर. हे माझे वडील म्हणून डॉक्टरांनी वेगळं काही केलं नाही. म्हणाले, "झोपा."

"मी कावून? हिला आनलंय."

"हितं आणनाऱ्याचं आधी बघतेत."

आप्पांनी डबी बाजूला सरकवली आणि आडवे झाले. डॉक्टर मशीन फिरवू लागले आणि एका जागी त्यांचा हात थांबला. मी काय केलं असेल? मला वाटलं, नेहमीचं नाटक करतायत. मी खुसखुसत म्हटलं, "काय आप्पा, खडे निघाले का?" खळीची साडी नेसलेली, इंग्रजी बोलणारी मी. मग डॉक्टरांनी पडदा माझ्याकडं वळवला. काळीज सुरकुतलेलं होतं, तरुणपणी झालेली कावीळ वर्षानुवर्षं आत बसून राहिलेली. त्यात बोराएवढा एक डाग होता.

सुईनं तुकडा काढून औरंगाबादला पाठवला. डाग तोच होता, जो नसावा असं वाटत होतं, कॅन्सरचा. मोठ्या शहरात कापून काढतात, पण असलं सुरकुतलेलं काळीज चाकू सोसत नाही, असं डॉक्टरांनी आप्पांना समोर बसवून सांगितलं. मग सुईचं सांगितलं. सुईत काय असतं तेही सांगितलं.

आप्पा म्हणाले, "दारू?"

"दारूच. प्यायच्या दारूपरीस शंभर नंबरी."

"मंग ऱ्हाऊ द्या. मरन आलं तर येऊ द्या."

मी डॉक्टरांना बाहेर नेलं. म्हटलं, औषध आहे म्हणा, कशाला त्यांना सगळं सांगता? ते माझ्यावर असे उखडले की पहिल्यांदाच त्यांचा आवाज रस्त्यावर गेला. "बापाला फशिवून जगवायचं असंल तर दुसरा डॉक्टर बघा, बाई. मी माणसाला फशिवत न्हाई." आत येऊन आप्पांना म्हणाले, "दारूच हाय. पर तुमच्या तोंडाला लागनार न्हाई, जिभंला ठाव लागनार न्हाई. दुश्मनाच्या घरात दुश्मन पाठवायचा, तुमी दारात उभं ऱ्हायचं. पटतंय का बघा."

आप्पांनी डबीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "जिभंला न्हाई ना?"

"न्हाई."

"मंग टोचा."

"माझी बी एक अट हाय," डॉक्टर म्हणाले. त्यांनी बाकावरच्या भावजयीकडं बोट केलं. "दर खेपंला ही पोरगी संगं पायजे. तिचं पोट मला वाढताना दिसलं पायजे. ज्या दिशी सपाट दिसंल, त्या दिशी सुई बंद. तुमची गाठ आन् तुमी."

भावजयीनं पहिल्यांदा मान वर केली. आप्पा तिच्याकडं आणि डॉक्टरांकडं आळीपाळीनं बघत राहिले. मी भिंतीला चिकटून उभी. माझ्या बापाचा जीव एका बाजूला आणि ते पोट दुसऱ्या बाजूला, असा तराजू तिथं लटकत होता, आणि तो लटकवणारा माणूस चष्म्याचा दोरा घट्ट करत होता.

घरी चौसाळ्याला आईनं ऐकलं आणि म्हणाली, "त्याला काय कळतंय? दुसरीकडं गुपचूप बघून घेऊ." आप्पा म्हणाले, "डॉक्टर सुई बंद करंल. तुला कुकू पुसायचं हाय का?"

दर आठवड्याला आप्पा यायचे. सोबत भावजय. डॉक्टर आधी तिच्या पोटाकडं बघायचे, लांबूनच, आणि मग सुई हातात घ्यायचे. जागा बधिर करायची, आप्पांनी श्वास धरायचा, पडद्यावर सुईची रेघ त्या डागापर्यंत सरकायची आणि मग तिथं पांढरा ढग फुटायचा. आप्पांचा उजवा खांदा जळायचा. ते डबी मुठीत धरून पडून राहायचे.

एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली होती, पण आम्हाला ती खरी वाटली नव्हती. अल्कोहोल काळजातून रक्तात उतरतं. जन्मात थेंब न घेतलेल्या माणसाला ते चढतं. आप्पांना चढली.

पहिल्यांदा ते नुसते छताकडं बघून हसले. दुसऱ्या खेपेला मला जवळ बोलावलं. श्वासाला स्पिरिटचा वास. "आक्का," म्हणाले, "तू जन्मली तवा मी पेढे वाटले न्हाईत."

"असू द्या आप्पा."

"तुझ्या भावाचे वाटले. तुझे न्हाई. गूळ तरी वाटाया पायजे हुता. दुकानात गूळ हुता की माझ्या."

मी थर्मामीटर झटकत राहिले. पारा केव्हाच उतरला होता, मी झटकतच राहिले.

घरी जाताना ते उपरणं नाकातोंडाला गुंडाळायचे. एसटीत शेवटच्या सीटवर बसायचे, कुणाला वास येऊ नये म्हणून. दारूचं दुकान बंद पाडणारा माणूस.

डाग विझला. पडद्यावर त्या जागी राख पडल्यासारखं दिसायचं. भावजय सिव्हिलमध्ये बाळंत झाली, मुलगीच झाली. आईनं भिंतीकडं तोंड केलं. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना कडेला एक नवा ठिपका दिसला, त्यालाही टोचलं. भावजय बाळ घेऊन बाहेर बाकावर होती. आप्पा बाहेर आले आणि बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. तोंडावर उपरणं.

भावजय म्हणाली, "आप्पा, घ्या की जरा. माझा हात अवघडलाय."

"वास हाय तोंडाला," आप्पा म्हणाले. "लेकराला हात लावू न्हाई."

डॉक्टर दारात उभे होते. आले, बाळ उचललं आणि आप्पांच्या मांडीवर ठेवलं. "वास माझा हाय," म्हणाले. "तुमचा न्हाई. धरा नीट."

आप्पांनी धरलं. मान वर करून, श्वास बाजूला सोडत धरलं. बाळानं उपरण्याचं टोक मुठीत घेतलं आणि सोडेना. त्या दिवशी त्यांची एसटी चुकली.

गोष्ट इथं थांबली असती तर बरं झालं असतं. पण सुरकुतलेलं काळीज म्हणजे तडकलेली जमीन, एक तण काढलं की दुसरीकडं उगवतं. पोरगी धरून धरून उभी राहायला लागली तोवर गाठी एवढ्या झाल्या की सुई कुठं कुठं नेणार? डॉक्टर पडद्याकडं बघत बसले आणि शेवटी त्यांनी मशीन बंद केलं. आप्पा खाटेवरून उठत म्हणाले, "आता दाखवाया पोट न्हाई, म्हनून बंद केली व्हय?" थट्टाच होती. पण डॉक्टर उठून बाहेर गेले आणि बराच वेळ नळाखाली हात धुत राहिले.

आप्पा उन्हाळ्यात गेले. आमच्यात बसवून पुरतात, तसं पुरलं. पोरगी कुणाच्या तरी कडेवर होती. तिला काही कळलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी डॉक्टर गेले. सकाळी मी दवाखाना उघडला तर ते आधीच आत आले होते. मशीन चालू, शर्ट वर केलेला, पोटावर जेली वाळलेली. छातीनं दगा दिला होता. काळीज जागेवरच होतं.

त्यांना मागेपुढे कुणी नव्हतं. एक लांबचा पुतण्या आला, त्यानं मशीन समोरच्या दवाखान्याला दिलं. न्यायला माणसं आली, तेव्हा मी म्हटलं, थांबा, प्रोब मी आणून देते, नाजूक असतो. पोटावर फिरवायचं ते हत्यार मी दोन्ही हातांत धरलं आणि दारापर्यंत नेलं. तिथं ते माझ्या हातातून फरशीवर पडलं. मी म्हटलं, वय झालं बाई. तेव्हा माझा एक केस पांढरा नव्हता. खुळी मी, मला वाटलं मोठा पराक्रम केला. चार दिवसांत त्यांनी नवं मशीन आणलं, आधीच्यापेक्षा चांगलं.

खाट मात्र कुणी नेली नाही. पट्टी तिच्यावर तशीच होती, मळून काळी पडलेली.

आप्पांच्या तेराव्यानंतर मी कामावर परत आले होते, तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ, पेशंट नव्हते. डॉक्टर भाकरी खात उभे होते. मी विचारलं, "भावजयीचं पोट सपाट दिसलं असतं, तर खरंच सुई बंद केली असती?"

त्यांनी घास खाली ठेवला. "न्हाई, बाई. मला कुठलं जमतंय ते. रडत रडत टोचली असती."

"म्हणजे आप्पांना फसवलंत."

"फशिवलं. जन्मात एकाच माणसाला." चष्म्यामागं त्यांचे डोळे कधी नव्हे ते हसत होते. "पर एक पोरगी तर हाय ना. माझ्या नावावर एक तर हाय."

मी तोंड उघडलं होतं. शेवटच्या टोचणीच्या दिवशी आप्पा माझ्याशी जे बोलले होते, ते ओठांवर आलं होतं. अंगात ताप भरलेला, श्वासाला वास, आणि माझं मनगट धरून ते म्हणाले होते, "त्यो डॉक्टर सुई बंद करनारा न्हाई, आक्का. पयल्याच दिशी वळखलं मी. धमकी देताना चष्म्याचा आवळलेलाच दोरा परत परत आवळत हुता. पर तुझ्या आईला सांगाया काय तरी पायजे हुतं, म्हनून मी बी भ्यालो."

"मग डॉक्टरांना सांगू का?"

"नगं. त्याला वाटू दे, त्यानंच वाचिवली. त्याच्याजवळ दुसरं काय हाय?"

मी तोंड मिटलं. डॉक्टरांच्या ताटलीत थोडा ठेचा वाढला आणि म्हटलं, "हो. आहे ना एक."

ते परत उभ्यानंच खायला लागले.